समुद्राचा अंदाज: बॉय (समुद्रात नांगरलेलं, तरंगतं मोजमाप यंत्र) भारी की सॅटेलाइट?

समुद्रावरचा वारा मोजायला सॅटेलाइटवरचा स्कॅटरोमीटर खरंच कमाल आहे, रडारच्या लहरी पाण्यावर सोडायच्या, पृष्ठभाग किती खडबडीत झालाय त्यावरून वाऱ्याचा वेग अन् दिशा काढायची, एका फेरीत शेकडो किलोमीटर रुंद पट्टा कव्हर. पण चक्रीवादळात धो धो पाऊस असतो ना, तिथेच केयू बँडच्या, म्हणजे छोट्या रडार लहरींचं रीडिंग गडबडतं (सी बँडच्या मोठ्या लहरींना त्रास कमी), आणि पुढची फेरी यायला काही तास जातात. बॉय एकाच जागी, पण हवेचा दाब, पाण्याचं तापमान थेट तिथेच मोजतो, रात्रंदिवस. प्रशांत महासागरातले टाओ नावाच्या जाळ्यातले बॉय तर 500 मीटर खोलपर्यंतचं तापमान देतात, एल निनो (तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं ती घटना) ओळखायला त्याची मोठी मदत होते, सॅटेलाइटला एवढं खोल दिसतच नाही! वादळाचा पसारा बघायला सॅटेलाइट, पण दाबाच्या आकड्यासाठी माझा भरवसा बॉयवरच.