बँकॉकचा नीलम, 98,220 रुपयांना

आधीच सांगतो, मी काय नवखा माणूस नव्हे. बेळगावात रविवार पेठेत होलसेलचं दुकान आहे, गिऱ्हाईक उधारी बुडवणार की नाही ते चेहऱ्यावरनं कळतं. तरी गंडलो. बँकॉकचा राजवाडा ग्रँड पॅलेस आज बंद आहे, वीस बाटमध्ये (बाट म्हणजे तिथला पैसा) टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, सरकारी सेलचा शेवटचा दिवस, हे सगळं तुम्ही पण ऐकलेलं असणार. मी पण ऐकलं होतं की! पण गळ्यात आयकार्ड, हातात नकाशा घेतलेला माणूस भिंतीपाशी उभा राहून "आत पूजा चाललीय, एक वाजता या" म्हणाला तर कोण संशय घेणार? पॅलेस रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो, क्वचित राजघराण्याचा कार्यक्रम असला तरच बंद. गेटपर्यंत चालत जायचं आणि तिकीट खिडकीवरच विचारायचं, बाहेर कुणाचं ऐकायचं नाही.

टुकटुकवाल्यानं एका छोट्या देवळात नेलं, तिथं एक सभ्य गृहस्थ "सहज" भेटले, त्यांनी म्हणे लेकीच्या लग्नाला तिथलाच नीलम घेतलेला. आता आमच्या पोराला साडेसाती चालू, ज्योतिषानं नीलम घाला म्हणून सांगितलेलं, म्हणजे माझं डोकं तिकडं गेलं त्यात नवल काय!

खरी मेख त्यानं पुढं नेलेल्या नीलमाच्या दुकानाच्या दारात होती. ड्रायव्हरनं शर्टाच्या खिशातनं घडी घातलेलं कूपन काढलं, काउंटरवरच्या पोरीनं त्याच्यावर शिक्का मारला, आणि तो गडी आमच्याकडं न बघता बाहेर. बायको म्हणाली, "अहो, ह्यो शिक्का कशाला मारून घेतोय?" आमच्या बसस्टँडवरचे रिक्षावाले लॉजवाल्याकडनं कमिशन खातात हे मला ठाऊक, आणि तिथं मी बायकोलाच गप्प बस म्हणालो. पण एसी दुकान, भिंतीवर सर्टिफिकेटं, पाणी आणून देतात, माणूस काय करणार?

नीलम घेतला, 38,500 बाटला. क्रेडिट कार्डाचं बिल आलं 98,220, त्यात साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनावरचा बँकेचा जादा आकार, आणि त्याच्यावर परत जीएसटी. शहापूरच्या सराफानं भिंग लावून सांगितलं, दगड खरा आहे पण हलका, सहा हजाराच्या वर कोण देणार नाही.

आता ह्या लोकांचं ऐका. शंका आली म्हणून निघायच्या आदल्या रात्री 1155 ला, टूरिस्ट पोलिसांना फोन केला, ते म्हणे वस्तू दिलीय, बिल दिलंय, दुकानदाराशी बोला. आपल्या दूतावासाला मेल केला तर वकिलांची यादी आली, वकील लावून नीलम सोडवू काय? इथं आल्यावर पोलीस स्टेशनात गेलो तर गुन्हा परदेशातला, आम्ही घेत नाही, आणि अर्ज मराठीत कशाला, कन्नडात लिहून आणा! लिहून नेला, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, म्हणजे फ्रॉड नव्हे. मग हप्ते करून देऊ काय म्हणून तिथलीच पोरगी विचारते, लाज नाही वाटत?

कार्डाचं इंटरनॅशनल लिमिट ॲपमधनं कमी करून जावा. दगड घ्यायचाच असेल तर तिथंच रत्नं तपासणारी सरकारी संस्था आहे, तिचा रिपोर्ट आधी, पैसे नंतर. परत विकून दुप्पट मिळतील म्हणणारा भेटला की उठायचं. आणि बिलावर दगडाचं नाव, वजन, दर्जा लिहून घ्या, आमच्या बिलावर नुसतं "ब्लू स्टोन" आहे आणि बँक आता त्याच्यावरच अडून बसलीय.