टाउनशेंड आणि मॉड: मेसोपोटेमियातील दोन सेनापती

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्की (ऑटोमन) फौजेशी लढत टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे दोन ब्रिटिश सेनापती गेले. चार्ल्स टाउनशेंड यांच्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, म्हणून ही तुलना आपल्याला परकी नाही.

टाउनशेंड यांनी १९१५ मध्ये अमारा आणि कुत ही नदीकाठची गावे झपाट्याने घेतली. पुढे जाण्यास रसद अपुरी आहे हे त्यांना कळत होते. तरीही वरिष्ठ जनरल निक्सन यांच्या आदेशावरून ते निघाले आणि बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईनंतर त्यांना कुतला परतावे लागले. तेथे तुर्की फौजेने त्यांना वेढले, आणि त्यांनी धान्यसाठ्याचा अंदाज इतका कमी कळवला की सुटकेसाठी येणाऱ्या फौजेला पुरेशा तयारीविना घाईने हल्ले करावे लागले, आणि माझ्या मते त्यांची सर्वांत गंभीर चूक हीच. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. कैदी झालेले सैनिक वाळवंटातून पायपीट करत हजारोंनी मेले. सेनापती मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिले. हे क्षम्य वाटत नाही.

स्टॅन्ली मॉड यांनी आधी बसऱ्याचे धक्के, नदीतील आगबोटी, रेल्वे आणि रुग्णसेवा सुधारली. डिसेंबर १९१६ मध्ये मोहीम सुरू करून त्यांनी ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले. त्यांच्या हाती मनुष्यबळ आणि साधने कितीतरी अधिक होती, हे मान्य करूनही, ती हाती येईपर्यंत थांबण्याचा संयम त्यांचा स्वतःचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बगदादमध्येच पटकीने त्यांचा मृत्यू झाला.