अँटीबॉडीची तपासणी: रक्तावर भागेल की पाठीतलं पाणी काढावं?

कॉलेजातली चांगली धड मुलगी पंधरा दिवसांत भलतंसलतं बोलू लागते, भास होतात, झोप उडते. घरातले निम्मे म्हणतात बाहेरचं झालंय, निम्मे म्हणतात टेन्शन. अशात मिरजेच्या डॉक्टरांनी 'ऑटोइम्यून एन्सेफलायटिस'ची (प्रतिकारशक्ती बिघडून मेंदूला येणाऱ्या सुजेची) तपासणी लिहून दिली की सांगलीतल्या घरी वाद सुरू होतो: नुसत्या रक्तावर भागवायचं का?

या आजाराच्या नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारात आपलीच प्रतिकारशक्ती अँटीबॉडी नावाची प्रथिनं बनवून मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे पेशींच्या संदेश घेणाऱ्या जागेवर, उलटते. तपासणीत शोधतात त्या याच अँटीबॉडी. डॉ. जोसेप दालमाऊ यांनी २००७ मध्ये त्याचं वर्णन केलं. जास्त करून तरुण मुलींना होतो. काहींच्या बीजाशयात गाठ सापडते.

रक्त देणं सोपं, भीती नाही. पण अँटीबॉडी पाठीतल्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) असूनही रक्तात न सापडणारे रुग्ण शंभरात चौदा-पंधरा निघतात. उलट, ठणठणीत माणसाच्या रक्तातही त्या कधी कधी दिसतात. म्हणजे रिपोर्ट दोन्हीकडून फसवू शकतो.

पाण्याचं नाव काढलं की "पोरगी लुळी पडेल" हे कुणीतरी म्हणतंच. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घेतात, कंबर बधिर करून सुई घालतात. मज्जारज्जू सुईच्या जागेच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे ती भीती अनाठायी आहे. काही दिवस डोकं दुखू शकतं, एवढं खरं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगा. शिवाय त्याच पाण्यातून टीबीचा किंवा व्हायरसचा मेंदूज्वरही तपासता येतो. आपल्याकडे टीबी किती आहे ते पाहता हा फायदा लहान नाही.

माझं मत विचाराल तर पाणी काढावंच, आणि रक्तही सोबत पाठवावं. फक्त रक्तावर पैसे घालवू नयेत.

अर्थात प्रत्येकाला हे लागत नाही. दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढलेला आजार, झटका नाही, ताप नाही, तर दोन्ही तपासण्या बाजूला ठेवून मानसोपचाराकडे लक्ष द्यावं. पण सुरुवातीला ताप-डोकेदुखी, मग फिट, तोंडाच्या विचित्र हालचाली, अंग ताठणं, किंवा मानसिक आजाराच्या गोळीने एकदम लाकडासारखं होणं, यातलं काही असेल तर चालढकल नको.

ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) स्वस्त आहे, तो आधी काढून घ्या. एमआरआय नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. या आजारात तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो. अँटीबॉडीच्या रिपोर्टला दिवस लागतात, पण संशय भक्कम असेल तर डॉक्टर त्याआधीच स्टेरॉइड सुरू करतात. बीजाशयातली गाठ शोधायला पोटाची सोनोग्राफी याच दिवसांत उरकून घ्यावी.