प्रीमियम पेट्रोल: माझ्या गाडीला काही फरक पडला नाही बुवा

सलग चार टाक्या ९५ ऑक्टेनवालं प्रीमियम भरून बघितलं, आणि खरं सांगू का, साध्या इंजिनच्या माझ्या गाडीत ना पिकअप वाढला ना अ‍ॅव्हरेज, फक्त खिसा हलका झाला. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त असं नसतंय, पेट्रोल दाबाखाली आपोआप न पेटता किती तग धरतं, ते तो आकडा सांगतो. मित्राच्या टर्बो गाडीत मात्र चढावर तिसऱ्या गिअरला जो खडखड आवाज यायचा तो प्रीमियम टाकल्यावर बंदच झाला, कारण टर्बो इंजिनात जास्त हवा दाबून कोंबतो, त्या दाबानं साधं पेट्रोल आधीच पेटून तो आवाज यायचा. आधी टाकीच्या झाकणामागचं स्टिकर वाचा, ९१ ऑक्टेन लिहिलं असेल तर उगाच हौस करू नका. पंपावरचा पोरगा "प्रीमियम टाकू का" विचारतोच, मी आता सरळ साधं सांगतो.