पोस्टग्रेसचा ‘क्रिएट डेटाबेस’: रोजच्या वापरातून

‘क्रिएट डेटाबेस’, पुढे नाव, अर्धविराम, एंटर. पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर; त्यात नवा डेटाबेस, म्हणजे डेटा साठवायची नवी जागा, उघडायला एवढं पुरतं. दिवसभर हेच काम करत असल्याने सांगते, या एका ओळीवर जेवढा विचार करावा तेवढा थोडाच.

मला सगळ्यात आवडते ती टेम्प्लेटची कल्पना. पोस्टग्रेसमधला नवा डेटाबेस म्हणजे ‘टेम्प्लेट१’ नावाच्या कित्त्याची नक्कल. नेहमी लागणारी एक्स्टेन्शन्स (जादा सोयी देणारे जोड-भाग) मी तिथे एकदाच बसवून ठेवते. पुढचा प्रत्येक डेटाबेस ती घेऊनच येतो. टेस्टिंगसाठी तर ही सोय फारच कामाची. नमुना डेटा भरलेला डेटाबेस टेम्प्लेट म्हणून द्यायचा, नक्कल काढायची, टेस्ट संपली की ड्रॉप, म्हणजे डेटाबेस काढून टाकायचा. फक्त नक्कल काढताना मूळ डेटाबेसला दुसरं कुणी जोडलेलं चालत नाही. पीजीअ‍ॅडमिन या पोस्टग्रेस हाताळायच्या टूलचं एखादं कनेक्शन उघडं राहिलं तरी एरर येते.

मराठी डेटा ठेवणाऱ्यांनी कोलेशनकडे, म्हणजे अक्षरं कोणत्या क्रमाने लावायची त्या नियमाकडे, नीट लक्ष द्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डेटाबेसचं डीफॉल्ट कोलेशन तो तयार करतानाच ठरतं. पुढे ते बदलायचं तर डम्प (सगळ्या डेटाची फाइल) काढून नव्या डेटाबेसमध्ये भरत बसायचं. लोकॅल म्हणजे भाषेनुसार नियम ठरवणारी सेटिंग. ‘सी’ हे कुठल्याच भाषेचे नियम न पाळणारं लोकॅल असेल तर अक्षरं युनिकोडच्या क्रमाने लागतात: ‘ळ’ येतो ‘ल’च्या पाठोपाठ, आणि ‘क्षितिज’ हे नाव ‘कौतुक’ आणि ‘खजिना’ यांच्या मध्ये जाऊन बसतं. आयसीयू या युनिकोड लायब्ररीतलं मराठीचं लोकॅल दिलं की ळ, क्ष, ज्ञ ‘ह’नंतर येतात, आपल्या वर्णमालेतल्या जागी. अख्ख्या डेटाबेसला आयसीयू देण्याची सोय २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीपासून आहे. त्यासाठी टेम्प्लेट म्हणून ‘टेम्प्लेट०’ हा पोस्टग्रेससोबत येणारा कोरा कित्ता घ्या. ‘टेम्प्लेट१’मध्ये आधीच्या क्रमाने लावलेला डेटा असू शकतो, म्हणून लोकॅल वेगळं दिलं की पोस्टग्रेस त्याची नक्कल काढायला नकार देतो आणि ते योग्यच आहे.

खटकतं ते ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ नसणं, म्हणजे ‘आधीच नसेल तरच बनव’ असं सांगायची सोय नसणं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. इथे ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या (सगळ्या कमांड एकत्र पार पडतात किंवा एकत्र रद्द होतात, अशा गटाच्या) आतही चालत नाही, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये आधी ‘पीजी_डेटाबेस’ या सगळ्या डेटाबेसच्या यादीत नाव शोधायचं आणि मगच पुढे जायचं. नाव अवतरणचिन्हांशिवाय दिलं तर इंग्रजी मोठी (कॅपिटल) अक्षरं आपोआप छोटी होतात, तेव्हा सुरुवातीपासून छोटीच वापरा.

परवानग्यांबाबत १५ व्या आवृत्तीने मोठं काम केलं: पब्लिक स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या टेबलांच्या सुरुवातीच्या कप्प्यात) कुणीही उठून टेबल बनवायचा, ती मुभा गेली. मात्र नव्या डेटाबेसला कनेक्ट व्हायचा हक्क अजूनही सर्व्हरवरच्या सगळ्या रोल्सना (वापरकर्त्यांच्या खात्यांना) आपसूक मिळतो. डेटाबेस तयार झाला की मी लगेच पब्लिककडून (इथे याचा अर्थ ‘सगळे रोल्स’) कनेक्टचा हक्क रिव्होक करते, म्हणजे काढून घेते, आणि ज्या रोलला खरंच गरज आहे, त्यालाच तो ग्रँट करते, म्हणजे देते.