शंख विकताना: ठरलेली किंमत की लिलाव?

संग्राहकांना विकायचा शंख नेहमीच्या जातीचा असेल तर सरळ किंमत लावावी. मात्र आधी भिंगाखाली त्याची कड नीट तपासा. वाढताना बसलेला जुना व्रण चालतो, पण तुटका ओठ (शंखाच्या तोंडाची कड) घासून गुळगुळीत केलेला असेल तर जाणकार बोट फिरवताच ओळखतो आणि भाव गडगडतो. 'जेम' (निर्दोष), 'फाइन' (किरकोळ दोष असलेला) अशी प्रत प्रामाणिकपणे लिहा, लांबी मिलिमीटरमध्ये द्या. कुठे, किती खोलीवर, कधी मिळाला याची चिठ्ठी नसेल, तर संग्राहकाच्या लेखी तो निव्वळ शोभेची वस्तू.

लिलाव ठेवावा तो ज्याला तुलनाच नाही अशा नगासाठी: विक्रमी आकार किंवा उलटा पीळ. (उलटा पीळ म्हणजे दुर्मीळच, असं मात्र नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लायटनिंग व्हेल्क या शंखाचा पीळ मुळातच डावा असतो.) लिलावात धोकाही आहे. खरे गिऱ्हाईक दोघंच असतील आणि त्यातला एक त्या दिवशी फिरकला नाही, तर माल मातीमोल जातो. म्हणून राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली माल विकायचाच नाही अशी किंमत, ठेवाच.

दुर्मीळपणाच्या जोरावर चढा भाव लावून वर्षानुवर्षं बसणं मला पटत नाही. कोनस ग्लोरियामारिस एकेकाळी जगातला सर्वांत हवाहवासा शंख होता. 1969मध्ये सोलोमन बेटांजवळ समुद्रात बुडी मारणाऱ्यांना त्याची वस्ती सापडली आणि पुढे भाव कोसळला.

शंख नॉटिलस किंवा क्वीन काँच या जातीचा असेल तर दोन्ही पर्याय नंतर. परदेशी पाठवायला आधी साइट्सचा (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो.