नर्सिंगची प्रतीक्षा यादी: थांबावे, दुसरीकडे प्रवेश घ्यावा की साहाय्यक म्हणून आधी वॉर्डात जावे?

नर्सिंगच्या प्रवेशासाठी दोन वर्षे थांबावे लागेल असे कळले, की बहुतेक जण प्रवेशाच्या तारखांची तुलना करू लागतात. माझ्या मते तुलना त्या तारखांची नसून नोंदणी होऊन परवाना हातात पडण्याच्या, म्हणजेच वॉर्डातील रुग्ण तुमच्या स्वतःच्या जबाबदारीवर सोपवले जाण्याच्या दिवसाची असायला हवी. त्या दिवसापासून मागे मोजत आले, तर आज जवळचा वाटणारा मार्ग कधी कधी लांबचा निघतो आणि लांबचा वाटणारा जवळचा.

परिचारिकांची एवढी टंचाई असताना प्रवेशासाठी रांग का, हा प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार २०१८ साली जगभरात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका आणि परिचारक होते, तरीही सुमारे ५९ लाखांची उणीव होती. दुसरीकडे अमेरिकेतील पदवी व त्यापुढील नर्सिंग अभ्यासक्रमांनी २०१९ मध्ये पात्र उमेदवारांचे ८० हजारांहून अधिक अर्ज परत पाठवले. (हा आकडा अर्जांचा आहे, एकाच उमेदवाराने अनेक ठिकाणी अर्ज केलेले असतात, त्यामुळे तो वाचून धीर सोडण्याचे कारण नाही.) अडचण वर्गखोल्यांपेक्षा शिक्षकांची आणि प्रात्यक्षिकासाठी मिळणाऱ्या वॉर्डांची अधिक आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सामान्य परिचर्येच्या शिक्षणात किमान ४,६०० तास असावे लागतात आणि त्यांतील किमान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाचे असतात. नवखी विद्यार्थिनी रुग्णाचे मनगट धरून नाडी मोजते आणि ती मोजून झाल्यावरही हात न सोडता छातीची हालचाल पाहत श्वास मोजते, कारण श्वास मोजला जात आहे हे कळताच रुग्णाची श्वासाची गती बदलते. ही गोष्ट तिला शिकवायला कोणीतरी त्या खाटेशी उभे असावे लागते, आणि एक शिक्षिका एका वेळी मोजक्याच विद्यार्थ्यांवर नीट लक्ष ठेवू शकते. म्हणून रांग एका वर्षात ओसरेल या भरवशावर बेत आखू नये. मात्र शिकून बाहेर पडेपर्यंत परिचारिकांची गरज संपलेली असेल, ही भीतीही बाळगू नये.

थांबण्याचा पर्याय तोलताना सर्वांत आधी रांगेचा प्रकार जाणून घ्यावा. काही ठिकाणी यादी खरोखर क्रमवार चालते. तुमचा क्रमांक ठरलेला असतो, दर सत्राला किती जण आत गेले हे कार्यालय सांगू शकते आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. काही ठिकाणी सोडत निघते, आणि तिथे तीन वर्षे थांबलेल्याची संधी काल अर्ज केलेल्याइतकीच असू शकते. आणखी काही ठिकाणी दर वर्षी गुणांनुसार नवी क्रमवारी लागते, म्हणजे तिथे थांबण्याने काहीच मिळत नाही आणि विज्ञान विषयांतले किंवा प्रवेश परीक्षेतले गुण वाढवण्याने पुष्कळ मिळते. ‘वेटिंग लिस्ट’ हा एकच शब्द या तिन्हींसाठी सर्रास वापरला जातो, आणि त्यापायी अनेकांची वर्षे वाया जातात. सोडतीच्या रांगेत दुसरा कोणताही बेत न आखता बसून राहणे मला योग्य वाटत नाही. शिवाय शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आधी पूर्ण केलेले असतील, तर अनेक संस्था त्यांचे गुण ठरावीक वर्षांपर्यंतच ग्राह्य धरतात. नंबर लागेपर्यंत ती मुदत उलटत असेल, तर तेच विषय पुन्हा शिकण्याचा काळही हिशेबात धरावा लागतो.

आता हाच हिशेब दुसरीकडे लगेच मिळणाऱ्या जागेशी ताडून पाहू. दोन वर्षे थांबून दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, तर चार वर्षे होतात. आज सुरू होणारी चार वर्षांची पदवीही तेवढ्याच काळात पूर्ण होते. अमेरिकेत १९५२ साली नर्सिंगच्या शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या पुढाकाराने दोन वर्षांच्या नर्सिंग शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, आणि आजही तिथे दोन वर्षांच्या व चार वर्षांच्या अभ्यासक्रमांचे विद्यार्थी परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. असे असले तरी न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा करून नव्या परिचारिकांना परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत पदवी घेण्याचे बंधन घातले. म्हणजे छोटा मार्ग निवडल्यावर पुढे पुन्हा शिकावे लागण्याची शक्यता धरूनच चालावे. लगेच मिळणारी जागा बहुधा महाग असते. पण तिच्यासाठी काढाव्या लागणाऱ्या कर्जाची तुलना केवळ स्वस्त जागेच्या शुल्काशी करणे अपुरे आहे. थांबण्याच्या काळात न मिळालेला परिचारिकेचा पगार दुसऱ्या पारड्यात टाकल्याशिवाय हा हिशेब पूर्ण होत नाही. अशा संस्थेला नियामक परिषदेची मान्यता आहे का, परवाना परीक्षेत तिचे किती विद्यार्थी उत्तीर्ण होतात आणि प्रात्यक्षिकाचे वॉर्ड तिने स्वतः ठरवून ठेवले आहेत का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर तिथे पैसे भरू नयेत. मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकलेल्याला परवाना परीक्षेला बसूच दिले जाणार नाही, असे होऊ शकते.

साहाय्यक म्हणून वॉर्डात जाण्याचा मार्ग अनेकांना कमीपणाचा वाटतो. मला मात्र नर्सिंगबद्दल मन पक्के नसलेल्यांसाठी तोच सर्वांत चांगला वाटतो. काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर काही तासांनी कूस बदलणे, पाठीवर आणि टाचांवर त्वचा लाल तर झाली नाही ना हे पाहणे, रुग्णाला न उठवता त्याच्याखालची चादर बदलणे ही कामे हातात येतात. पहाटे चार वाजता, पाय भरून आलेले असताना, तेच काम तितक्याच मायेने करता येते का, हे कोणत्याही माहितीपत्रकातून कळणार नाही. या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. वेतन कमी असते, अंगमेहनतीने पाठ धरते, ड्यूटी आणि अभ्यास एकत्र चालवताना गुण घसरू शकतात, आणि साहाय्यकाला पुढे परिचारिकेच्या अभ्यासक्रमात सामावून घेणाऱ्या जागांनाही अनेकदा रांग असते. ज्यांच्यासाठी प्रवेश गुणांवर अवलंबून आहे, त्यांनी पूर्णवेळ ड्यूटी धरू नये.

क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा श्वसनोपचार यांसारख्या शाखांकडे केवळ रांग टाळण्यासाठी वळू नये, कारण त्यांनाही प्रात्यक्षिकाच्या जागा मर्यादितच असतात. ज्यांना आठ-बारा तास एकाच रुग्णाच्या सान्निध्यात राहण्यापेक्षा नेमके तांत्रिक काम अधिक भावते, त्यांनी मात्र त्यांचा विचार अवश्य करावा.

क्रमवार यादी असेल, दर सत्राला ती पुढे सरकल्याची नोंद मिळत असेल आणि कर्ज काढणे शक्य नसेल, तर मी थांबण्याच्याच बाजूने आहे. त्या काळात पदवीला पुढे चालणारे सामान्य विषय पूर्ण करून ठेवता येतात. एकापेक्षा अधिक ठिकाणी नाव नोंदवायला हरकत नसेल, तर तेही करावे. नाव नोंदवल्यावर पत्ता आणि दूरध्वनी बदलला, तर कार्यालयाला त्याच आठवड्यात कळवावे, कारण प्रवेशाच्या पत्राला उत्तर देण्याची मुदत अनेकदा काही दिवसांचीच असते आणि ती चुकली की नाव यादीच्या तळाशी जाते किंवा यादीतूनच निघते.